जिवंत माणसाची तसबीर

आमच्या पुढच्या खोलीत कायम कुणीतरी वारलेलं माणूस असायचं. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर, भिंतीला टेकून, अर्धंमुर्धं. कुणाचा फेटा झालेला पण कान व्हायचे राहिलेले, कुणाच्या पातळाचे काठ झालेले आणि चेहऱ्याच्या जागी नुसत्या पेन्सिलीच्या चौकटी. शाळेत जाताना मी त्यांच्यासमोर बसूनच चपलांचे बंद लावायचे. अम्मा मागच्या खोलीतून विचारायची, "आज कोण आहे?" नायना, म्हणजे माझे वडील, ब्रशवरची नजर न काढता सांगायचे, "शेवगावचे पाटील. अजून दोन दिवस राहतील." जेवायला किती माणसं आहेत ते सांगावं, अशा सुरात. मैत्रिणींच्या घरी पुढच्या खोलीत सोफा असतो हे मी बरंच उशिरा पाहिलं, आणि पाहिल्यावर मला तो जरा रिकामा वाटला.

नायना तेलंगणातले. करीमनगरकडच्या एका खेड्यातून मामाचं बोट धरून नगरला आले, तोफखाना नावाच्या भागात, जिथे आमची विणकर मंडळी आधीच येऊन राहिली होती. त्यांना मागावर बसवलं, पण पायांचा आणि हातांचा मेळ काही बसेना. सुताची गुंतवळ करून ठेवायचे आणि भिंतीवर कोळशाने मामाचं नाक काढायचे. मामाने मारलं नाही. एका फोटो स्टुडिओत नेऊन बसवलं. तिथे काळ्यापांढऱ्या फोटोंना गालावर गुलाबी आणि साडीला हिरवा रंग द्यायचं काम असे. तिथून सिनेमाचे बोर्ड, तिथून तैलरंग. लग्न होऊन अम्मा घरात आली तोवर त्यांच्या हातच्या तसबिरी जिल्हाभर पोचल्या होत्या. शाळांचे संस्थापक, साखर कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे साध्यासुध्या घरांतली आई, बाप, आजे. कोपरगाव ते कर्जत 'नरसय्या पेंटर' म्हटलं की लोक ओळखायचे. मी हे फुशारकी म्हणून सांगत नाही. सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून सांगते.

आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट चाले. त्या आवाजात अम्मा विड्या वळत बसे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचा तुकडा ठेवून पानं कापायची कात्री. पुढच्या खोलीतला जवसाच्या तेलाचा वास आणि मागच्या खोलीतला तंबाखूचा वास उंबऱ्यात एकमेकांना भेटत, आणि तिथे उभं राहिलं की मला शिंका येत. उन्हाळ्यात दुपारी पच्ची पुलुसू असे. म्हणजे चिंचेच्या कोळात कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर. शिजवायचं नाही, भातावर ओतायचं आणि ओरपायचं. जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातली गिऱ्हाइकं येताना पिशवीभर तांदूळ आणायची, त्याच्या वासाने अम्मा खूश व्हायची. आता माझ्या नातवाला मी पच्ची पुलुसू करून दिलं तर तो विचारतो, "आजी, गरम करायची राहिली का ही आमटी?"

नायनांची कामाची एक रीत होती. फोटो घेऊन माणूस आला की ते आधी फोटोकडे बघतच नसत. बाकावर बसवायचे, अम्माला चहा सांगायचे आणि विचारायला लागायचे. काय खायचा? हसला की दात दिसायचे का? राग आला की बोलायचा की गप्प बसायचा? उन्हात डोळे बारीक करायचा का? बायकोला हाक कशी मारायचा? तासभर चालायचं. येणारा माणूस आधी अवघडून उत्तरं द्यायचा, मग सुटायचा, मग बहुतेक वेळा रडायचा. नायना मधे बोलत नसत. सगळं झालं की फोटो हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आता दिसला." फोटोत माणूस फोटोवाल्याकडे बघत असतो, घरच्यांकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. डोळे ते सगळ्यांत शेवटी काढायचे, तसबीर द्यायच्या दिवशी सकाळी, अंघोळ करून. डोळ्यांतला पांढरा ठिपका दिला की तेलुगूत हळूच म्हणायचे, "चूडंडी." बघा आता. त्याआधी तसबीर घरच्यांनाही दाखवायचे नाहीत. डोळ्यांशिवाय माणूस दाखवू नये, म्हणायचे.

त्यांचं मराठी मात्र त्यांच्यासारखंच होतं. कळायचं सगळं, अगदी टोमणासुद्धा. बोलताना मात्र 'तो'ची 'ती' आणि 'ती'चा 'तो' व्हायचा, आणि आदरार्थी वगैरे भानगड त्यांनी कधी अंगाला लावूनच घेतली नाही. दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "कोण मेला?" खेड्यातली माणसं क्षणभर चपापायची आणि मग सांगायची. त्यांना त्यात राग येण्यासारखं काही वाटत नसे, कारण विचारणाऱ्याच्या तोंडावर काळजी दिसत असे. मी लहानपणापासून त्या बाकाच्या टोकाला बसायचे. नायनांचा प्रश्न अडला की मी तो सरळ करून द्यायचे. माझं मराठी त्या बाकावर झालं. नेवाशाचं वेगळं, अकोल्याचं वेगळं, पाथर्डीचं आणखी वेगळं, आणि सगळं रडतारडता बोललेलं. पुढे मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण इतकं खरं मराठी मला कुठल्या पाठात सापडलं नाही.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ मी अम्माच्या विड्या आणि पुलुसू सांगत बसले, त्याचं कारण मलाच ठाऊक आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वक्तृत्वात बक्षिसं मिळायला लागली होती आणि त्याबरोबर शिंगंही फुटली होती. निर्मला नावाची माझी मैत्रीण होती, वकिलांची मुलगी, लाघवी आणि जराशी नकचढी. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. त्या दिवशी दुपारी आमची स्पर्धा होती आणि ती मला न्यायला पहिल्यांदाच घरी आली होती. सायकल दाराला लावून ती उंबऱ्यात उभी होती तेवढ्यात एक बाई आल्या. कपाळ मोकळं, हातात रुमालात बांधलेला फोटो, बरोबर दहाबारा वर्षांची मुलगी. नेवासा तालुक्यातल्या, प्रवरेकाठच्या एका गावच्या. नाव सगुणाबाई. नायनांनी ब्रश ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "ये बाई, बस. कोण मेला?"

निर्मलाने तोंडावर हात धरला. हात धरला तरी हसू डोळ्यांत आलं ते आलंच. माझ्या कानशिलांना चटका बसला. मी पुढे झाले आणि तेलुगूत म्हणाले, "नायना, तुम्ही बोलू नका. मी विचारते सगळं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निर्मलाकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून मागे गेले. चहाचं सांगायला, असं मी तेव्हा धरून चालले.

सगुणाबाईंनी फोटो उघडला. कुणाच्या तरी लग्नातला. दोन भाऊ शेजारी शेजारी उभे, दोघांना सारखेच फेटे. त्या म्हणाल्या, "आमचं मानूस गेलं, ताई. वरीस व्हईल पुढच्या म्हैन्यात. येवडा येकच फोटू हाय. आन खरं सांगू का, मला आता तोंड इसराया लागलंय. डोळं मिटलं की नीट दिसत न्हाई. म्हनून आले."

"यातले कुठले?" मी विचारलं.

नवऱ्याचं नाव त्या घेणार नव्हत्या, आणि त्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचंही त्यांच्या मनाला येईना. हात फोटोवर नुसता फिरला आणि परत पदरात गेला. "थोरलं," त्या म्हणाल्या.

दोघांतल्या एकाला दाट मिशी होती, गाल बसलेले, चेहरा करारी. दुसरा गुळगुळीत, पोरसवदा, हसू दाबत उभा. थोरला कोण ते मला विचारावंसंही वाटलं नाही. मिशीवाल्याच्या डोक्यावर मी पेन्सिलीने बारीक फुली केली. सगुणाबाई तेव्हा डोळे पुसत होत्या. पुढे त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली, "त्यांचं कसं हुतं, ताई..." आणि मी म्हणाले, "असू दे मावशी, फोटोवरून होईल. श्राद्धाच्या दिवशी आम्ही घेऊन येतो." त्यांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. चहा यायच्या आत त्या उठल्या होत्या आणि मी निर्मलाच्या सायकलवर मागे बसले होते. त्या दिवशी मला पहिलं बक्षीस मिळालं. विषय होता 'आईची भाषा'.

संध्याकाळी नायनांनी विचारलं, "काय म्हणाली बाई? कसा होता?" मी काय सांगणार? मी निबंध लिहिणारी मुलगी. फोटोतल्या मिशीकडे बघितलं आणि सुरू केलं. कडक स्वभावाचे होते. हसणं कमी. जेवायला बसले की कुणी बोलायचं नाही. पण शेतातून येताना पोरीसाठी काहीतरी आणायचे, बोरं, पेरू. राग आला की दूर नदीकडे बघत बसायचे. नायना डोळे मिटून ऐकत होते. "नदीकडे," ते म्हणाले, "हे चांगलं सांगितलंस." आणि महिनाभर त्यांनी ते नदीकडे बघणं रंगवलं. इतकी चांगली तसबीर त्यांच्या हातून क्वचित झाली असेल. मी येता-जाता बघायचे आणि मला माझ्या निबंधाचं कौतुक वाटायचं. हे लिहिताना आज माझा हात थांबतो, पण तेव्हा तसंच वाटायचं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी डोळे केले. मग धुतलेल्या धोतरात तसबीर गुंडाळून आम्ही दोघं नेवाशाच्या एस.टी.त बसलो. बोलायला लागतं म्हणून मला नेहमी बरोबर न्यायचे. गाव चांगलं होतं, उसाचं. अंगणात मांडव, भावकी जमलेली, मागे चुलाणावर भात. पाट मांडून त्यावर तसबीर ठेवली. कापड घरातल्या वडीलधाऱ्याने काढायचं, पेंटरने नाही, अशी रीत. वारलेल्याची म्हातारी आई पुढे आली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिने चाचपडत कापड काढलं, चाचपडत कपाळाला गंध लावलं, हार घातला, आणि काचेसारख्या त्या चकचकीत रंगावर बोट न लागू देता हवेतच गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, काम आवडलं.

तेवढ्यात बाहेरून एक माणूस पाण्याची घागर खांद्यावर घेऊन आत आला. दाट मिशी, गाल बसलेले. तो तसबिरीसमोर थांबला. घागर तशीच खांद्यावर.

"आरं, ह्यो तर मी हाय," तो म्हणाला.

एक बाई किंचाळली. त्याची बायको होती ती. "माज्या कुकवाला हार घातला गं बया! जित्या मानसाला हार घातला!" ती धावली आणि तिने हार ओढून तोडला. फुलं पाटाभोवती सांडली. म्हातारी विचारत राहिली, "काय झालं? कोन हाय? माजा रंगनाथ न्हाई व्हय?" मग गलका उठला. कुणी म्हणालं, तसबीर फोडा. कुणी म्हणालं, पेंटरला बाहेर काढा. किसन, म्हणजे तो मिशीवाला धाकटा भाऊ, अजून घागर धरूनच उभा होता. त्याला ती खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

सगुणाबाई माजघराच्या दारात होत्या. त्या गलक्यात त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मला ऐकू आला. "माजं मानूस आलंच न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मग नायनांकडे बघून, तक्रार नाही, नुसतं सांगावं तसं, "लई हसरं हुतं वो ते. जेवताना तर असं बोलायचं की घास हातात ऱ्हायचा. तुमी इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं."

नायनांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. जेवायला बसले की कुणी बोलायचं नाही, नदीकडे बघायचे, सगळं त्या एका बघण्यात त्यांना कळलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही, बहुधा खरंच बोलले असते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि सगळ्यांसमोर हात जोडायला लागले तर एक हात माझ्या मनगटावर, म्हणून एकाच हाताने जोडल्यासारखं केलं.

"चूक माझा आहे," ते म्हणाले. "पोरगीने बरोबर सांगितला होता. मी उलटा ऐकला. मला मराठी येत नाही नीट. मी तेलंगी माणूस आहे. माफ करा."

भावकीतला एक म्हातारा पुढे झाला. "जाऊ द्या रं," तो म्हणाला, "परमुलखाचा गडी, त्येला काय कळतंय आपलं बोलनं. चूक झाली." आणि लोकांना ते लगेच पटलं. इतकं लगेच पटलं, की मला त्याचीच जास्त लाज वाटली. राग उतरून त्यात कीव मिसळली. एकाने तर नायनांशी हातवारे करून, मोठ्याने, तुटक बोलायला सुरुवात केली, बहिऱ्याशी बोलतात तसं. नायना मान हलवत राहिले. ज्या माणसाने जिल्ह्यातल्या शेकडो घरांचं रडणं अक्षर न् अक्षर समजून घेतलं होतं, तो तिथे मुद्दाम न कळल्यासारखा उभा राहिला. माझ्यासाठी.

परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. तसबीर धोतरात गुंडाळून गुडघ्यांशी धरली होती. गाडी इमामपूरचा घाट चढली. मग ते म्हणाले, "त्या बाईला चेहरा हवा होता." एवढंच. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खिडकीच्या गजावर डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं, आणि त्यांनी माझ्या डोक्याला गज लागू नये म्हणून मधे आपला हात ठेवला. घरी आल्यावर त्यांनी तसबिरीच्या कपाळावरचं गंध कापसाने पुसलं आणि पूर्ण चित्रावर पांढरा रंग दिला. आधी डोळ्यांवर.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच त्या गावी गेले. दुसरी तसबीर करून देतो, फक्त मला तासभर बसून विचारू द्या, असं सांगायला. त्यांना ओट्यावर पाणी मिळालं, पण तसबिरीबरोबर परत केलेला फोटो पुन्हा मिळाला नाही. त्या हाताने आमच्या घरातलं आता कुणाचं काढायचं नाही, असं किसनच्या बायकोने सांगितलं. त्याच महिन्यात किसनला ताप आला. साधा ताप. तो माणूस नंतर तीसेक वर्षं ठणठणीत जगला, ऊस लावला, सुना आणल्या. पण तापाची बातमी बाजाराच्या दिवशी पसरली आणि तो बरा झाल्याची कुणी कुणाला सांगितली नाही. नगरचा तेलंगी पेंटर जित्या माणसाला मेलेला काढतो, त्याला बोललेलं कळत नाही. दोन वर्षांत बाक रिकामा झाला. मग नायना ट्रकच्या मागची अक्षरं, गाड्यांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवर 'झाडे लावा' असं रंगवत राहिले. फ्लेक्स आल्यावर तेही गेलं. एखादं चुकून कुणी आलंच, तर मला बाकाकडे येऊ देत नसत. "तू अभ्यास कर," म्हणायचे. स्वतःच विचारायचे, अडखळत, शब्द शोधत. त्यांना वाटे, पुन्हा काही चुकलं तर ते माझ्यावर येऊ नये. मला वाटे, त्यांचा माझ्यावर विश्वास राहिला नाही. दोन्ही खरं असेल. आम्ही ते कधी बोललो नाही. सगुणाबाईंना भेटायला जावं असं मी किती वर्षं ठरवत होते, आणि गेले तेव्हा त्यांच्या त्या मुलीने सांगितलं की आईला जाऊन चार वर्षं झाली. भिंतीवर सगुणाबाईंचा फोटो होता, मोबाईलवर काढून मोठा केलेला. शेजारची जागा मोकळी होती.

नायना गेले तेव्हा मी निवृत्त व्हायला आले होते. दहाव्याला समाजाच्या हॉलमध्ये माणसं बरी जमली. एक निवृत्त चित्रकला शिक्षक बोलायला उठले. भला माणूस, मनापासून बोलत होता. "नरसय्यांच्या हातात देव होता," ते म्हणाले, "पण भाषेने त्यांचा घात केला. एका श्राद्धाला तर चक्क जिवंत माणसाची तसबीर घेऊन गेले होते!" लोक हळूच हसले, प्रेमाने, दुखवट्याला शोभेल इतकंच. मी पहिल्या रांगेत होते. शेवटी आभार मानायला मला बोलावलं. मी माइकसमोर उभी राहिले. समोर दीडशे माणसं होती, त्यांतली निम्मी माझे विद्यार्थी. एक वाक्य बोलायचं होतं. मी सगळ्यांचे आभार मानले, लांबून आलेल्यांचे वेगळे मानले, आणि खाली उतरले.

दाराशी एका बाईंनी माझा हात हातात घेतला. डोळे भरलेले त्यांचे. "किती शुद्ध बोलता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "वडिलांना येत नव्हतं म्हणतात, मग तुम्ही इतकं मराठी शिकलात कुठे?"

"शाळेत," मी म्हणाले. तेवढंसुद्धा खरं बोलले नाही.